ओळखीतला वकील नको, कोर्टातला हवा (जर्सीत केस झाली तर)

इथे न्यू जर्सीत एडिसनकडे कुणावर केस झाली की पहिला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पडतो, "कुणाच्या ओळखीत चांगला वकील आहे का?" आणि तासाभरात धडाधड नंबर यायला लागतात. त्यात एक असतो घराच्या क्लोजिंगचा, एक-दोन ग्रीन कार्डवाले, एक स्पीडिंगच्या तिकिटाचे पॉइंट कमी करून देणारा आणि एक कुणाचा तरी मेहुणा, जो पेटंटचं काम करतो. सगळे आपापल्या कामात हुशार असतीलच, माझं काही म्हणणं नाही, पण फेलनीच्या, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्ह्याच्या, केसला यातला एकही कामाचा नाही, आणि हे बोललं की लोकांना वाटतं हा उगाच घाबरवतोय.

म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. मी वकील नाही, आयटीवाला आहे, त्यामुळे याला सल्ला समजू नका. पण ओळखीतल्या एका मुलाच्या केसमध्ये त्याच्या आईवडिलांबरोबर वकिलांच्या ऑफिसात बसायची वेळ आली आणि तेव्हा जे कळलं, वाचलं, ते इथे मांडतोय. मुलाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

मुलगा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, येऊन दोन-तीन वर्षं झालेली. दुकानात सेल्फ चेकआउटला काही वस्तू स्कॅन झाल्या नाहीत, त्याच्या म्हणण्यानुसार चुकून, दुकानाच्या म्हणण्यानुसार मुद्दाम, आणि बेरीज दोनशे डॉलरच्या थोडी वर गेली. आता हा दोनशेचा आकडा फार महत्त्वाचा. न्यू जर्सीच्या कायद्यात फेलनी असा शब्द वापरत नाहीत, इंडायटेबल क्राइम म्हणतात, पहिल्या डिग्रीपासून चौथ्या डिग्रीपर्यंत. शॉपलिफ्टिंगचा माल २०० डॉलरच्या आत असेल तर तो डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स, म्हणजे किरकोळ गुन्हा, गावाच्या म्युनिसिपल कोर्टात चालतो, जास्तीत जास्त सहा महिने. २०० ते ५०० मध्ये चौथ्या डिग्रीचा गुन्हा, १८ महिन्यांपर्यंत कैद, आणि केस जाते काउंटीच्या सुपिरियर कोर्टात. ५०० च्या वर गेलात की तिसरी डिग्री, तीन ते पाच वर्षं.

घरच्यांना कुणीतरी सांगितलं, अहो पहिलाच गुन्हा आहे, चौथ्या डिग्रीला पहिल्यांदा जेलमध्ये सहसा टाकतच नाहीत. हे खरंच आहे. पण इमिग्रेशनचा कायदा असं बघत नाही की तुम्हाला शिक्षा किती झाली, तो बघतो की त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती होऊ शकली असती. चोरी हा त्यांच्या हिशेबात नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि अमेरिकेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा घडला, त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल आणि कन्व्हिक्शन झालं, म्हणजे दोषी ठरला, तर माणूस डिपोर्टेबल, म्हणजे त्याला देशाबाहेर काढता येतं. आता वरचे आकडे परत बघा. १८ महिने म्हणजे अडकला, सहा महिने म्हणजे निदान या कलमातून सुटला. म्हणजे शंभर रुपयाची साडी की हजाराची अशा हिशेबावर एखाद्याचं इथलं राहणं ठरतं, आणि प्रत्यक्ष जेलचा एक दिवसही नसताना.

म्हणून वकिलाला पहिला प्रश्न कुठला, तर "याचा व्हिसावर काय परिणाम, आणि तुम्ही हे कुणाला विचारून सांगणार?" चांगला क्रिमिनल वकील इथे छातीठोकपणे काही बोलत नाही. तो म्हणतो मी कुठलीही प्ली (गुन्हा कबूल करायची तडजोड) घ्यायच्या आधी इमिग्रेशनवाल्याकडून लेखी मत घेईन. आम्ही ज्यांना भेटलो त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "काळजी करू नका, पीटीआयमध्ये घालू, वर्षभरात केस डिसमिस, रेकॉर्डही पुसून टाकू." ऐकायला किती गोड! पीटीआय म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यांसाठीचा कार्यक्रम, आणि तो खरोखर चांगला आहे. पण काही केसेसमध्ये त्यात शिरायला आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि फेडरल कायद्यात गुन्ह्याची कबुली अधिक कोर्टाने घातलेलं कुठलंही बंधन इतकं झालं की ते कन्व्हिक्शन, मग राज्याने नंतर केस डिसमिस करो नाहीतर रेकॉर्ड एक्सपंज करो. त्यामुळे "कबुलीशिवाय की कबुलीसकट" हे न विचारता जो पीटीआय पीटीआय करतो तो नागरिक क्लायंटसाठी ठीक असेल, आपल्यासाठी नाही. शिवाय व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक झाली होती का हे विचारतातच, तेव्हा पुसलेली केससुद्धा सांगावी लागते.

या विषयावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, पडिया विरुद्ध केंटकी, २०१०. होसे पडिया मूळचा होंडुरासचा, चाळीस वर्षांहून जास्त काळ इथे ग्रीन कार्डवर, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला. ट्रकमध्ये गांजा सापडला. त्याचा वकील त्याला म्हणाला, तू इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची काळजी करायचं कारण नाही. त्याने प्ली घेतली आणि डिपोर्टेशनची टांगती तलवार डोक्यावर आली. कोर्टाने सांगितलं की डिपोर्टेशनच्या धोक्याबद्दल क्लायंटला सावध करणं हे डिफेन्सच्या वकिलाचं कामच आहे, घटनेने दिलेल्या वकिलाच्या हक्कात ते येतं. हे नाव वकिलासमोर सहज टाकून बघा. क्रिमिनलवाल्याला ते माहीत असलंच पाहिजे.

आता अनुभव. अनुभव अनुभव सगळेच म्हणतात, वेबसाइटवर प्रत्येकाचा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. पण कशाचा? मला जे पटलं ते असं, की त्याच काउंटीच्या सुपिरियर कोर्टात, त्याच प्रकारच्या केसेसमध्ये तो नेहमी उभा राहतो का. आमच्या मिडलसेक्स काउंटीची केस न्यू ब्रन्सविकला चालते, तिथल्या प्रॉसिक्युटरच्या (आरोपीविरुद्ध केस चालवणाऱ्या सरकारी वकिलाच्या) ऑफिसला कुठल्या गुन्ह्यात काय चालतं, ग्रँड ज्युरीकडे (आरोप निश्चित करायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांकडे) जायच्या आधी कुणाशी बोलायचं, हे रोज तिथे जाणाऱ्यालाच माहीत. कारण खरी खिडकी तिथेच असते. प्रॉसिक्युटरने मनात आणलं तर इंडायटमेंटच्या, म्हणजे आरोप निश्चित व्हायच्या, आधीच गुन्हा डाउनग्रेड करून केस परत म्युनिसिपल कोर्टात पाठवता येते, म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत १८ महिन्यांच्या डब्यातून सहा महिन्यांच्या डब्यात. (तेही चोरीचंच कलम, त्यामुळे तेवढ्यावर खूश होऊन चालत नाही, पण फरक केवढा मोठा.) हे सगळं सुरुवातीच्या आठवड्यांत होतं, आणि त्याच आठवड्यांत आपले लोक फी कुठे कमी पडते ते बघत फिरत असतात.

स्थानिक वकिलाचं मोल कळायला क्लॅरन्स गिडियनची केस वाचावी. १९६१ साली फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल रूममध्ये चोरी झाली, गिडियनला पकडलं, फेलनीचाच आरोप, वकिलाला पैसे नाहीत, त्याने स्वतःच केस लढवली आणि पाच वर्षांची शिक्षा घेतली. तुरुंगातून पेन्सिलने अर्ज लिहून तो सुप्रीम कोर्टात पोचला, तिथे त्याच्या बाजूने उभे राहिले एब फोर्टस, वॉशिंग्टनमधलं बडं प्रस्थ, पुढे स्वतःच तिथे न्यायमूर्ती झाले. १९६३ साली निकाल लागला की गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण याने गिडियन सुटला नाही, फक्त खटला पुन्हा चालणार एवढं ठरलं. त्या दुसऱ्या वेळी त्याने बाहेरून आलेले वकील नाकारून गावातल्याच फ्रेड टर्नरला मागून घेतलं, टर्नरने मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी अशी घेतली की त्या माणसावरच संशय यायला लागला, आणि ज्युरीने साधारण तासाभरात गिडियनला निर्दोष सोडलं. फोर्टसनी इतिहास घडवला हे कबूल, पण घरी पाठवलं टर्नरने.

आपल्याकडे आरोपीला सरकारने दिलेला वकील म्हणजे फुकटचा, म्हणजे वाईट असा एक समज पक्का आहे. जर्सीत हे वकील, म्हणजे पब्लिक डिफेंडर, रोज त्याच कोर्टात फक्त हेच काम करतात, कामाचा बोजा जास्त असतो एवढं खरं. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर लाजू नका, क्लोजिंगवाल्या ओळखीच्या वकिलापेक्षा कधीही बरे.

ट्रायल लढतो का हेही विचारा, जरी तुमची केस ट्रायलला जाणार नसली तरी. सुप्रीम कोर्टानेच २०१२ च्या एका निकालात म्हटलंय की राज्यांच्या कोर्टांतली सुमारे ९४ टक्के आणि फेडरलमधली ९७ टक्के कन्व्हिक्शन्स गुन्हा कबूल करूनच होतात. म्हणजे सगळा खेळ वाटाघाटीचा, आणि हा माणूस कधीच ट्रायलला उभा राहत नाही हे समोरच्या प्रॉसिक्युटरला माहीत असलं तर तो कशाला नमतं घेईल? न्यू जर्सीचं सुप्रीम कोर्ट काही वकिलांना क्रिमिनल ट्रायल अ‍ॅटर्नी म्हणून सर्टिफाय करतं, तो एक बरा निकष आहे, आणि कुणाला शिस्तभंगाची कारवाई झालीय का तेही बघता येतं. गुगलच्या स्टार्सपेक्षा हे बघा.

फीचं थोडक्यात सांगतो. क्रिमिनल केसमध्ये "जिंकलो तर द्या" असा व्यवहार वकिलाला करताच येत नाही, नियमाने बंदी आहे, त्यामुळे असं कुणी बोललं किंवा रिझल्टची गॅरंटी दिली तर चहा पिऊन निघा. करार लेखी घ्या आणि त्यात बघा की पैसे फक्त प्लीपर्यंतचे की ट्रायल धरून, आणि कोर्टात उभा कोण राहणार, समोर बसलेले साहेब की त्यांचा कालपरवा पास झालेला असोसिएट.

आणि फी वडील भरणार असले तरी क्लायंट मुलगाच. यावरून आमच्या समोर चांगलाच प्रसंग झाला. नाशिकहून आलेले काका, चेकबुक हातात, वकीलबाईंना म्हणाले, "मॅडम, तो काय काय बोलला ते मला रोज रात्री फोन करून सांगत जा." त्या बाईंनी शांतपणे पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, चेक तुमचा घेईन, पण तो काय बोलला ते त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला सांगणार नाही, आणि आता तुम्ही दोघे जरा बाहेर बसा. काका लालबुंद! "बाप आहे मी त्याचा!" मला मात्र तिथेच वाटलं की वकील सापडली. तिसरा माणूस खोलीत असला तर वकील-क्लायंटमधली गोपनीयता धोक्यात येऊ शकते, मग तो बाप असो नाहीतर मदतीला आलेला माझ्यासारखा शेजारी. काकांना पार्किंगमध्ये फिरवत मी हेच समजावत होतो आणि ते मला नाशिकच्या त्यांच्या वकीलमित्राची गोष्ट सांगत होते जो सगळं फोनवर सांगतो.

वकील मिळेपर्यंत तोंड बंद, हे तर आलंच. आपली बोलायची पद्धत अशी आडवळणाची, पोलिसांनाही आपण विचारणार "मला वाटतं वकिलाशी बोललेलं बरं, नाही का?" १९९४ च्या डेव्हिस केसमध्ये आरोपी असंच काहीसं बोलला होता, कदाचित वकिलाशी बोलायला हवं, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं ही काही स्पष्ट मागणी नव्हे. जर्सीचा नियम त्या मानाने थोडा उदार आहे, पण त्या भरवशावर कशाला राहायचं, "मला वकील हवा, त्याच्याशिवाय मी बोलणार नाही" हे वाक्य पाठच करून ठेवा. ग्रुपवर नेमकं काय झालं ते लिहू नका, ते मेसेज गोपनीय नसतात. जेलमधून फोन आला तर केसबद्दल बोलू नका, ते कॉल रेकॉर्ड होतात.

पहिल्या भेटीला जाताना कम्प्लेंटचा कागद, कोर्टाच्या तारखेची नोटीस, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि एच-वनचं अ‍ॅप्रूव्हल सोबत न्या. अमेरिकेत पहिल्यांदा कधी उतरलात आणि मधे कितीदा भारतात जाऊन आलात ते आधीच लिहून ठेवा, पाच वर्षं कुठून मोजायची हे त्यावरूनच ठरतं आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.