दोन कटर, एक चेन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बागेत कामाला येणारा जवळपास प्रत्येक जण आमचे झाडं कापायचे चेनचे कटर बघून हे विचारतो: ‘कटर दोन कंपन्यांचे, मग दोघांना चेन एकच कशी? दुकानदार तर म्हणतो, ज्याची चेन त्यालाच.’

कंपनी कुठलीही असो, चेन बसते ती मापावर, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या अंतरावर. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. आडवी झालेली झाडं उचलायला कोकणात ज्याला जो कटर मिळाला तो त्याने घेतला. आमच्याकडे छोटा कटर 3/8 इंच मापाच्या लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांच्या चेनचा, दुसरा 45 सीसीचा, .325 इंची चेनचा. म्हणजे धार लावायची कानसही दोन, एक 4 मिलिमीटरची, एक 4.8 ची. घाईत गडी हाताला येईल ती कानस उचलतो. जाड कानस छोट्या दातावर फिरली की दाताला आकडाच राहत नाही. मग चेन लाकूड कापत नाही, नुसता पिठासारखा भुसा पाडते, आणि माणूस मशीनवर जोर देत बसतो. अपघात तिथेच होतात. म्हणून दोन्ही कटर छोट्याच्या मापावर आणले.

माप घरी काढता येतं. कड्या जोडणाऱ्या लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा. तीन रिव्हेटांत साधारण 16.5 मिलिमीटर भरलं तर .325, 19 च्या आसपास भरलं तर 3/8.

आता खरी गंमत स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन ओढणाऱ्या दाती चाकात आहे. .325 चा सात दाती स्प्रॉकेट एका फेऱ्यात साधारण 115 मिलिमीटर चेन ओढतो. 3/8 चा सहा दातीही जवळपास तेवढीच, 114. चेनचा वेग तोच राहतो, इंजिनावर जादा भार येत नाही. सात दाती 3/8 घातला असता तर हीच ओढ 133 वर गेली असती. मी सहा दातीच घेतला.

स्प्रॉकेट क्लचच्या ड्रमलाच जोडलेला होता, म्हणून अख्खा ड्रम बदलला. स्पार्क प्लग काढून, पिस्टन एक्झॉस्टचं तोंड झाकून वर येत असताना आत जाड दोरी सोडायची, टोक बाहेर ठेवायचं, म्हणजे क्रँक फिरत नाही. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. निडल बेअरिंगला ग्रीस लावा. ड्रमची खाच ऑइल पंपाच्या गिअरमध्ये नीट बसली पाहिजे, नाहीतर बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, तेलाविना कोरडा चालून जळतो.

नुसता ड्रम बदलून भागत नाही. बारच्या टोकाचं चाकही 3/8 चंच हवं आणि बारची खाच चेनच्या गेजची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कडीच्या जाडीची. आमची 1.3 मिलिमीटर. दोन्ही बार 16 इंची असले तरी कड्या एकदोनने कमीजास्त भरू शकतात. ड्राइव्ह लिंक, म्हणजे खाचेत फिरणाऱ्या या कड्या, मोजूनच चेन कापून घ्या.

58 सीसीचा मोठा कटर असेल तर त्याला हे करू नका. जाड खोडात लो प्रोफाइल चेन त्या ताकदीपुढे लवकर ताणते.

आणि ड्रम घेताना बाहेरचा व्यास जुन्याशी ताडून पाहा. चेन ब्रेकचा पट्टा त्यालाच आवळतो. बसवल्यावर, झाडाला लावण्याआधी, कटर जमिनीवर दाबून धरून ब्रेक मारून बघा. चेन जागच्या जागी थांबली नाही तर पुन्हा उघडा.