पॉम्पेई टेप: आवाज मिळाला, पण भलत्याच ट्रॅकवर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'पॉम्पेई' सिनेमाची माझी जुनी व्हीएचएस टेप, तिचा आवाज मिळाला, मंडळी! लिनिअर ट्रॅकवर नाही, हाय-फाय ट्रॅकवर. मागच्या वेळी लिहिलं होतं ते आठवत असेल: बुरशी निघाली, चित्र आलं, पण 'एकोज' हे गाणं सुरू झालं की सगळं घोंगडीखालून ऐकल्यासारखं. काल रात्री मिरजेहून आणलेला व्हिडिओ डेक लावला, पुढच्या पट्टीवर हाय-फायचा दिवा लागला आणि बँडच्या रिक राइटच्या पियानोचा तो पहिला 'टिंग' लेस्ली या फिरत्या स्पीकरातून मोकळा बाहेर आला. तेवढा तुकडा कॅप्चर केला आणि मग रात्री उशिरापर्यंत हेडफोनवर तोच ऐकत होतो.

घाई कशासाठी चाललीय हे तुम्हाला सांगायला नको. 'पिंक फ्लॉइड ॲट पॉम्पेई' नव्यानं आली, २४ एप्रिल २०२५ ला आयमॅक्समध्ये आणि २ मे २०२५ ला डिस्कवर. सांगलीत आयमॅक्स नाही, त्यामुळं माझा सगळा जीव डिस्कमध्ये. बँडच्या स्वतःच्याच संग्रहात पाच डब्यांत मूळ ३५ मिमी निगेटिव्ह सापडली, ती ४के स्कॅन केली, एकेक फ्रेम हातानं साफ केली आणि आवाजाचं मिक्स संगीतकार स्टीव्हन विल्सननं केलंय. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे मूळ निगेटिव्हकडं परत जाणं. २००३ च्या डीव्हीडीत दिग्दर्शक एड्रियन मेबननं संगणकावर केलेली दृश्यं मधेमधे घातली होती, ती मला कधीच रुचली नाहीत. रिकाम्या रंगमंडलात चार माणसं वाजवताहेत, एवढं पुरेसं आहे की. एक खंत आहे: स्कॅन ४के असून घरी बघायची डिस्क साधी ब्लू-रे. इतकी मेहनत घेतल्यावर ४के डिस्क काढायला हवी होती, हे माझं मत कायम आहे.

पण नवी डिस्क आल्यावर आपली जुनी आवृत्ती कुणी बघणार नाही. मामांनी मस्कतहून आणलेल्या या टेपवर १९७४ ची आवृत्ती आहे, ॲबी रोडच्या स्टुडिओत 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचं काम चाललंय ते तुकडे असलेली. आमच्या पिढीनं पॉम्पेई पाहिलं ते याच रंगात, याच मिक्समध्ये. नवं आणि जुनं शेजारी शेजारी लावून बघायचं असेल तर जुनं आधी नीट उतरवून ठेवायला पाहिजे, आणि टेप दिवसेंदिवस काही सुधारत नसते.

आता मूळ दुखण्याकडं येतो, कारण बहुतेकांकडच्या टेपांना हेच होणार आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा टेप माळ्यावर होती. पाणी तिथवर पोचलं नाही, पण घर कितीतरी दिवस ओलं राहिलं आणि वीजही नव्हती. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी. अशी टेप चांगल्या डेकमध्ये कधीही घालू नका. हेड खराब होतंच, शिवाय तो डेक पुढच्या प्रत्येक टेपला बुरशी वाटत सुटतो.

एप्रिलचं ऊन इथं कामाला आलं. ओली बुरशी पुसायला गेलं की टेपवर फासली जाते, वाळलेली झटकली जाते. म्हणून कॅसेट आधी सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली. थेट उन्हात नाही. मग पाच स्क्रू काढून दोन्ही रिळं एका कोऱ्या ई-१८० कॅसेटच्या स्वच्छ खोळीत बसवली. तोंडाला मास्क लावून, गॅलरीत बसून, हातानं रीळ फिरवत टेप मऊ कापडाच्या चिमटीतून नेली. कापडावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही अगदी बेताचं. या अल्कोहोलबद्दल सांगायलाच हवं. ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर ९९ लिहिलेलं होतं, पण काचेवर थेंब टाकला तर वाळता वाळेना आणि मागं डाग राहिला. पाणी सरळ कळत होतं. शेवटी सांगलीतच प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून घेतलं. स्वस्त पडलं आणि थेंब बघता बघता उडाला. अशा गोष्टी गावातूनच घ्याव्यात, समोर उघडून बघता येतात.

चित्र आलं ते मागं सांगितलंच आहे. आवाज का गेला हे कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. व्हीएचएसची पट्टी अर्धा इंच रुंद. चित्र मधल्या भागात तिरप्या रेघांनी लिहिलेलं असतं. लिनिअर आवाज जातो अगदी वरच्या कडेनं, जेमतेम एक मिलिमीटर जागेत, आणि खालच्या कडेनं जातो कंट्रोल ट्रॅक, ज्यावरून डेकला कळतं की टेप कुठल्या वेगानं ओढायची. बुरशी धरते कुठं? कडांवर! म्हणजे मधलं चित्र शाबूत आणि नेमका आवाज नि ट्रॅकिंग खाल्लेलं. त्यात हा ट्रॅक मुळातच गरीब. पॅल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, व्हीएचएसची पट्टी सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते, आपल्या साध्या ऑडिओ कॅसेटच्या निम्म्या वेगानं. वरचे सूर तिथं आधीच दबलेले असतात. कडेचा लेप उडाला की उरतं काय?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझा एक मित्र आहे, घरी तंबोरे होतात. त्याला लिनिअरवरचा 'टिंग' ऐकवला. तो रॉक ऐकत नाही, पण जवारी लावणारा कान आहे. डोळे मिटून दोन-तीनदा ऐकलं आणि म्हणाला, "अरे, आवाज दबलाय ते राहू दे. सूर हलतोय बघ. खाली जातोय, परत वर येतोय." मी इतके दिवस इक्वलायझर फिरवत बसलो होतो. पण कडेला चिकटपणा असल्यामुळं पट्टीच अडखळत सरकत होती. हे कुठल्याही इक्वलायझरनं सुधारणारं नाही.

तिथंच हाय-फाय आठवलं. माझा पॅनासॉनिक डेक मोनो आहे, त्यामुळं या टेपवर दुसरा काही आवाज असेल असं कधी तपासलंच गेलं नव्हतं. हाय-फायचा आवाज कडेनं जातच नाही. तो फिरत्या ड्रमवरच्या हेडनं, चित्राच्याच जागेत, चित्राच्या थराखाली खोलवर लिहिलेला असतो. हेडचा कोन वेगळा असतो म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पॅलमध्ये हे एफएम वाहक १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झवर. ड्रम ६२ मिलिमीटरचा, मिनिटाला १५०० फेरे. म्हणजे हेड पट्टीवरून सेकंदाला पावणेपाच मीटरपेक्षा जास्त वेगानं जातं. कुठं २३ मिलिमीटर नि कुठं पावणेपाच मीटर! वरचे सूरही येतात आणि पट्टी जरा अडखळली तरी सूर हलत नाही. आवाज इतकी वर्षं पट्टीच्या मधोमध सुखरूप होता.

हाय-फाय डेक मिळाला तो मिरजेतल्या एका काकांकडं. एकेकाळी लग्नांची शूटिंग करायचे, त्यांचा जेव्हीसी डेक अजून रोज पुसून ठेवलेला असतो. "आधी टेप दाखव, मग डेकचं बोलू," म्हणाले. खिडकीशी धरून टॉर्चच्या उजेडात त्यांनी रिळाची कड बघितली, नखाला पांढरं लागतंय का ते तपासलं, पट्टीचा वास घेतला. मग झाकण उघडून ड्रम साफ कसा करायचा ते दाखवलं: शामॉय (मऊ चामडं) लावलेली काडी हेडवर आडवीच धरायची आणि ड्रम हातानं फिरवायचा. उभी घासली की हेडचं टोक उडालं म्हणून समजा. कापसाची काडी तर नकोच, धागे अडकतात. आणि प्रत्येक वेळी टेप काढल्यावर हे करायचं, या अटीवर डेक दिला.

लागला. 'टिंग' आला, मागची खरखर गेली, आणि मधल्या भागात तो सगळा वारा नि पक्ष्यांसारख्या किंकाळ्या सुरू होतात तिथं खोली भरली. मित्राला फोनवर ऐकवलं तर म्हणाला, "आता बसला." एवढ्या दोन शब्दांनी झालेला आनंद सांगता येत नाही.

पण काम संपलेलं नाही. कंट्रोल ट्रॅक खालच्या कडेला आहे आणि ती कडही खाल्लेली आहे. जिथं त्याचे ठोके गळतात तिथं ट्रॅकिंग सरकतं, हाय-फायचा दिवा विझतो आणि डेक आपला आपण लिनिअरवर उडी मारतो. परत सापडलं की परत हाय-फाय. 'वन ऑफ दीज डेज'मध्ये हे सतत होतंय. ड्रमर निक मेसनच्या हातातून काठी निसटते आणि ठेका न चुकवता तो दुसरी उचलतो, नेमक्या त्या जागी आवाज उजळ, मंद, उजळ, मंद. सगळ्या सिनेमात माझी सर्वांत लाडकी जागा ती!

मागच्या पॅनलवरचं बटण फक्त हाय-फायवर ठेवलं. उड्या थांबल्या, पण आता त्या जागी गुर्र असा आवाज येतो. दोन हेड आळीपाळीनं वाचतात, सेकंदाला ५० वेळा अदलाबदल होते, आणि ट्रॅकिंग हललं की तो सांधा ऐकू येतो. ट्रॅकिंग हातानं फिरवून गुर्र बरीच खाली आणता येते, मात्र एका जागी जमवलं की पुढच्या जागी बिघडते. चित्रासाठी जी जागा उत्तम, ती आवाजासाठी उत्तम असेलच असंही नाही.

माझा बेत असा होता: एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायचा, टीबीसीसारखा (चित्राची हलती वेळ सावरणाऱ्या यंत्रासारखा) मधे जोडायचा, आणि हातातल्या यूएसबी कॅप्चरनंच उतरवायचं. ते स्वस्तातलं यंत्र तसंही माझ्या मनातून उतरलंय; फ्रेम गाळतं आणि पांढरा रंग जाळून टाकतं. 'सॉसरफुल' या गाण्यात बँडमधला रॉजर वॉटर्स उन्हासमोर गाँगवर घाव घालतो तिथं मागचं आभाळ नुसतं कोरं दिसतं. पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. अडचण जर डेकच्या आतल्या निर्णयांमुळं आहे, कधी हाय-फाय नि कधी लिनिअर हे तो ठरवतो म्हणून, तर त्याला ठरवू द्यायचंच कशाला? हेड ॲम्प्लिफायरवरून थेट आरएफ, म्हणजे हेडनं वाचलेला कच्चा सिग्नल, काढायचा आणि बाकी सगळं संगणकात करायचं. चित्राला व्हीएचएस-डिकोड, आवाजाला हायफाय-डिकोड ही सॉफ्टवेअर्स. तुमच्यातले दोघे-तिघे हे मागेच सुचवत होते आणि मला तेव्हा ते अवघड वाटलं होतं. आता गुर्र ऐकल्यावर पटलंय. डीव्हीडी रेकॉर्डर रद्द.

कंट्रोल ट्रॅकचं दुखणं यानं जाणार नाही, पट्टी ओढणार डेकच. पण ट्रॅकिंगच्या वेगवेगळ्या जागांवर आरएफ घेऊन प्रत्येक तुकड्याचा चांगला भाग जोडता येईल. तेसुद्धा पूर्ण टेप पुन्हा पुन्हा न फिरवता, फक्त 'वन ऑफ दीज डेज'चा आणि ॲबी रोडमधल्या एका बैठकीचा भाग. बाकी ठिकाणी आताचं हाय-फाय उत्तम आहे. काकांच्या डेकला सोल्डरिंग लावणार नाही. टेस्ट पॉइंटला नुसत्या चिमट्यानं जोडता येतंय का ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघतोय, आणि त्यांना विचारूनच.

यासाठी कोनेक्झंटची सीएक्स२३८८ मालिकेतली चिप असलेलं जुनं पीसीआय टीव्ही ट्यूनर कार्ड हवंय, शक्यतो दोन, म्हणजे चित्र आणि हाय-फाय एकाच फेरीत येईल. पीसीआय स्लॉटचा जुना संगणक आहे. शंभर फुटी रस्त्यावरच्या भंगारवाल्यांकडं या रविवारी जाणार आहे; तुमच्यापैकी कुणाच्या खोक्यात पडलं असेल तर आधी सांगा. कार्डवरच्या चिपचा फोटो काढून नंबर वाचा, खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्यात.

नव्या डिस्कशी पहिली तुलना कुठली ते ठरलंय. कॅमेरा ॲम्प्लिफायरच्या पाठीमागून सरकत जातो तो शॉट, पेट्यांवर 'पिंक फ्लॉइड. लंडन' असं छापलेलं. व्हीएचएसच्या २४० रेघांत ती अक्षरं कशीबशी लागतात, स्टेन्सिलची तुटलेली वळणं तर दिसतच नाहीत. दुसरी तुलना त्याच 'टिंग'ची, विल्सनच्या मिक्समधला स्टिरिओ आणि माझा हाय-फाय, आवाजाची पातळी सारखी करून. त्यासाठी पातळी मोजायला काय वापरता तेही लिहा, कार्डाच्या निरोपासोबत.