एका खोलीत पाच कुटुंबं

२०१० च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि पाठोपाठ माझ्या हातात जनगणनेच्या घरयादीची, म्हणजे माणसं मोजायच्या आधी घरं मोजायची, ऑर्डर पडली. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. सासुरवाडीत दोन लग्नं होती, पण जनगणनेच्या ऑर्डरला नाही म्हणायची सोय नसते. तालुक्याला प्रशिक्षण झालं, सूचनापुस्तिका मिळाली, फॉर्मचा गठ्ठा मिळाला. फॉर्म मशीन वाचणार होतं, म्हणून घडी घालायची नाही, खाडाखोड करायची नाही, अक्षर चौकटीबाहेर जाऊ द्यायचं नाही. पहिलीच्या पोरांना आम्ही जे सांगतो तेच आम्हाला कुणीतरी सांगत होतं.

मला मोजायला गट मिळाला रांजणगाव शेणपुंजीचा. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. शहराच्या पश्चिमेला, वाळूज एमआयडीसीला चिकटून हे गाव. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्या मागं सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागं माणसं आली. कारभार ग्रामपंचायतीचा, पण गल्लीत उभं राहिलं की गाव कुठंच दिसत नाही. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, मधून वाहणारी नाली, दर दहा पावलांवर मोबाइल रिचार्जचं दुकान किंवा खानावळ.

पहिले दोन दिवस नजरी नकाशा काढण्यात आणि दारांवर नंबर टाकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी एका मालकाच्या वाड्यावर पोचलो. मालक मूळचा शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, थोडे गुंठे राहिले, त्यावर दहा-दहा फुटांच्या चौदा खोल्या बांधल्या. "आधी कपाशी पिकायची, आता खोल्या पिकतेत," असं त्यानंच मला चहा पाजताना सांगितलं. त्यात दुःख होतं का समाधान, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

"किरायेदार किती आहेत?"

"कुठले सर, समद्या रिकाम्या. तिकडच्या खोलीत चार पोरं हायेत फक्त."

मालकांचं हे गणित प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. किरायेदार जास्त दिसले तर घरपट्टी वाढेल, पोलीस चौकशी लागेल, पाण्याचा वाद निघेल, अशी त्यांना भीती. जनगणनेची माहिती गोपनीय असते, करासाठी वापरता येत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा मान हलवली आणि उत्तर तेच ठेवलं. पण रांगेच्या बाहेर तारेवर निळ्या-करड्या डूटीच्या शर्टांची माळ वाळत होती. त्या चार पोरांच्या खोलीच्या दारात सेफ्टी शूजचे पाच जोड होते आणि चपला वेगळ्या. चार माणसांचे दहा पाय कसे, असं विचारल्यावर मालक हसला आणि म्हणाला, "आता तुम्हीच जाऊन बघा."

दार ढकललं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, आत मात्र खिडकीला पुठ्ठा लावून रात्र केलेली. तीन लोखंडी कॉट. तिन्हींवर माणसं झोपलेली, खाली चटईवर आणखी एक. कोपऱ्यात एक पोरगा स्टोवर फोडणी टाकत होता. नाईट करून आलेले झोपलेले, सेकंड शिफ्टवाला उठून स्वयंपाकाला लागलेला, फर्स्टवाले कामावर. फर्स्टवाले दुपारी साडेतीनला येणार, तोवर नाईटवाल्यांनी उठून कॉट मोकळी करायची, असा नियम. "सर, आमची कॉट कधी गारच होत नाही," फोडणीवाला म्हणाला.

तो परतूरचा. झोपलेल्यांपैकी एक सेनगावचा, एक जिंतूरचा, एक लोणारचा, एक बिहारचा. एकमेकांना ते गावाच्या नावानंच हाक मारत होते. "ए सेनगाव, उठ, मास्तर आलेत." खरी नावं विचारल्यावर परतूरला जिंतूरचं आडनाव सांगता येईना. सहा महिने एका खोलीत राहत होते.

एकूण माणसं नऊ. किराया डोक्याला दोनशे. म्हणजे त्या दहा बाय दहाचे मालकाला महिन्याला अठराशे मिळत होते. तेवढ्या पैशात शहरात सिडकोमध्ये तेव्हा दोन खोल्या मिळायच्या, पण एकट्या पोरांना देणार कोण, आणि रात्रीच्या शिफ्टला तिथून वाळूजला यायचं कसं?

मी चटईवर बसून फॉर्म काढला. घर एक. भिंत विटांची, छत पत्र्याचं, फरशी शहाबादी. इथवर सोपं होतं. मग आला कुटुंबाचा रकाना, आणि तिथं मी तासभर अडकलो.

जनगणनेत कुटुंब म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. जे एकत्र राहतात आणि सामाईक स्वयंपाकघरातलं जेवतात ते कुटुंब. साध्या भाषेत, एका चुलीवरचे. नातं नसलं तरी चालतं, चूल एक पाहिजे. म्हणून मी विचारलं, "जेवता कुठं?"

"आम्ही पाच जण मिळून करतो," परतूर म्हणाला. "तिघं मेसला जातेत."

"नववा?"

नववा फर्स्ट शिफ्टला गेलेला, यवतमाळकडचा, माळकरी. बाकीचे रविवारी अंड्याची पोळी करतात, म्हणून त्याचा स्टो वेगळा, तवा वेगळा. कोपऱ्यात खरंच दुसरा छोटा स्टो होता आणि त्यावर स्वच्छ पुसलेला तवा पालथा घातलेला.

मी पुस्तिका उघडली, मग पर्यवेक्षकांना फोन लावला. ते बिचारे दुसऱ्या गल्लीत कुणाशी तरी हुज्जत घालत होते. म्हणाले, "नियम तोच. पाच जणांचं एक कुटुंब. मेसवाले तीन म्हणजे तीन कुटुंबं, एकेका माणसाची. आणि माळकऱ्याचं वेगळं." म्हणजे शंभर चौरस फुटांत पाच कुटुंबं. त्यातलं एक निव्वळ अंड्याच्या पोळीमुळं वाढलेलं.

पुढचा प्रश्न कुटुंबप्रमुखाचा. चौघे एकेकटे, त्यांचे प्रमुख तेच. पाच जणांत प्रमुख कोण? कुणी वयानं मोठा धरावा म्हणालं, कुणी ज्याचा पगार जास्त तो. सेनगाव पडल्या पडल्या बोलला, "ज्याचा स्टो तो प्रमुख." सगळ्यांना पटलं. परतूरचं नाव लागलं. वय बावीस.

मग खोल्या किती? रकान्यात विचारलेलं असतं, की कुटुंबाच्या स्वतःच्या वापरात असलेल्या राहण्याच्या खोल्या किती. इथं खोली पाच कुटुंबांत सामाईक, म्हणजे स्वतःची कुणाचीच नाही. पाचही ओळींत मी शून्य लिहिलं. शून्य लिहिताना पेन थोडं अडखळलं, कारण ज्यांच्या डोळ्यांसमोर लिहीत होतो ते त्याच खोलीत झोपलेले होते.

त्याच्यापुढं आणखी एक रकाना होता, विवाहित जोडपी किती. नऊपैकी तिघांची लग्नं झालेली. जिंतूरच्या बायकोला सातवा महिना होता. बायका गावाकडं. जोडपं इथं राहत नसेल तर जोडपं नाही. पुन्हा शून्य. जिंतूर डोकं वर करून बघत होता, म्हणाला, "सर, लगीन झालंय माझं." मी म्हणालो, झालंय रे, पण इथं नाही झालेलं. तो हसला. मला नाही हसता आलं.

बिहारवाला शेवटी उठला. त्यानं एकच विचारलं, हिंदीत, की इथं नाव लिहिलं तर गावचं रेशन कटेल का. नाही कटत, म्हणून सांगितलं. पण ही भीती मी त्या महिन्यात इतक्यांकडून ऐकली, की पुढं पुढं दार उघडताच नमस्काराच्या आधी तेच सांगायला लागलो. त्यांच्या दृष्टीनं घर गावाकडं होतं. इथं नुसती रूम. "घर कुठंय?" विचारलं की कुणीही त्या खोलीकडं बोट दाखवलं नाही.

बाहेर आलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि अंगातला शर्ट पिळून निघाला असता. मालकाच्या उरलेल्या तेरा खोल्या मी एक एक करून उघडायला लावल्या. खरोखर रिकाम्या निघाल्या दोन. त्याच्या शब्दावर विसंबलो असतो तर तेरा घरं देशाच्या रिकाम्या घरांत जमा झाली असती.

पुढं २०११ च्या जनगणनेचे घरांचे आकडे आले तेव्हा मी ते मुद्दाम शोधून वाचले. शहरी भारतात १.११ कोटी घरं रिकामी. देशातली ३७.१ टक्के कुटुंबं एका खोलीत, आणि ३.९ टक्के कुटुंबांना स्वतःची म्हणावी अशी एकही खोली नाही. त्या ३.९ मध्ये माझी पाच. रिकामी घरं आहेत, बिनघराची माणसं आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही. कारण रिकामी घरं बहुतेक विकत घेऊन ठेवायची असतात आणि माणसांना लागते ती कामापासून चालत जाता येईल अशी अर्धी कॉट.

माझ्या औरंगाबादचं बघा. महापालिका हद्दीत १९९१ ला ५.७३ लाख माणसं होती, २००१ ला ८.७३ लाख, २०११ ला ११.७५ लाख. वीस वर्षांत दुप्पट. पण रांजणगाव ग्रामपंचायतीत, म्हणून ही नऊ पोरं त्या पावणेबारा लाखांत नाहीत. मुंबईतही वाढ मध्यावर नाही, कडेला आहे: मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या ३३.३८ लाखांवरून २०११ ला ३०.८५ लाखांवर उतरली, आणि ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. जनगणनेत अशा कडेच्या गावांसाठी वेगळी सोय आहे. लोकवस्ती पाच हजारांच्या वर, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण हिस्सा शेतीबाहेर असला, की कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी जनगणना त्याला शहर धरते. अशी जनगणना-शहरं देशात २००१ ला १,३६२ होती, २०११ ला ३,८९४ झाली. कागदावर शहर झालं तरी नाली ग्रामपंचायतीनंच काढायची, तिच्या त्याच तुटपुंज्या पैशात.

फेब्रुवारी २०११ मध्ये, माणसं मोजायच्या फेरीला, मी त्याच खोलीत गेलो. ९ ते २८ फेब्रुवारी ही मुदत. नऊपैकी दोघंच सापडले, सेनगाव आणि मेसवाल्यांतला एक. परतूर पर्मनंट होण्याची वाट बघून कंटाळून गावाकडं गेलेला. माळकरी चाकणला गेला होता, तिकडं डोक्याला किराया जास्त पण पगारही जास्त, असं सेनगाव म्हणाला. जिंतूरला मुलगी झाली होती. तो कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या जागी सात नवे, आणि चूल या वेळी एकच, कारण माळकरी गेला होता. नऊ महिन्यांत खोलीतली तीन-चार कुटुंबं कमी झाली आणि माणसं मात्र नऊच्या नऊ.

आता जरा माझं सांगतो. माझं गाव पाटोदा तालुक्यात, बीड जिल्हा. फेब्रुवारीत आमच्याकडं अर्ध्या घरांना कुलूप असतं, कारण ऊसतोडीची माणसं कारखान्यांवर असतात, उन्हाळा लागल्यावर परततात. गावात तेव्हा राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. शिमग्याला गावाकडं गेलो, तर आई मोठ्या कौतुकानं म्हणाली, "गुरुजी आलते मोजायला. तुझं, सूनबाईचं, दोन्ही पोरांचं, समद्यांचं नाव सांगितलं."

मी डोक्याला हात लावला. औरंगाबादला आमच्या गल्लीत आमची चौघांची नोंद झालेली होती, ती मी स्वतः तपासून सही केली होती. इकडं आईनं आम्हाला पुन्हा मोजून घेतलं होतं. तिला नियम समजावून सांगायला लागलो, की माणूस जिथं राहतो तिथंच लिहायचा.

"मग तू कुठं राहतोस?"

"औरंगाबादला."

"तिथं तर किरायानं आहेस."

गावच्या गुरुजींना फोन केला. त्यांची पाकिटं सील होऊन तहसीलला गेली होती. म्हणाले, राहू द्या सर, आम्ही कुलपं मोजून मोजून कंटाळलो होतो, चार नावं भेटली तर बरं वाटलं.

२०२१ ची जनगणना कोरोनात बुडाली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून पुन्हा मोजणी आहे, त्याआधी घरयादी, आणि या वेळी सगळं मोबाइलवर. घडी न घालण्याची कटकट संपली. आई गेली सहा वर्षं माझ्याकडं आहे, शहरातल्याच सातारा परिसरात घेतलेल्या फ्लॅटवर. स्वतःचा आहे, तरी ती त्याला रूमच म्हणते. परवा गावाकडून फोन आला. घरयादीला नेमलेल्या बाई होत्या, आवाजावरून तरुण, ऑर्डर नवी असावी. आमच्या दारात उभ्या होत्या.

"सर, तुमच्या घराला कुलूप आहे. कुलूपबंद लिहू का रिकामं?"

घरात आईची पेटी आहे, जातं आहे, माळवदावर दोन बाजा आहेत. मी म्हणालो, कुलूपबंद लिहा, आम्ही येत असतो.

"शेवटचं कधी राहिला होतात?"

"दिवाळीत," मी म्हणालो. कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही.