उरलेलं न्यावं का, मागावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्या-मुंबईहून आमच्या वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, कार्याला येणारे पाहुणे मला नेहमी हेच विचारतात: जेवणानंतर डबा भरून देतात तो घ्यावा का, आणि आवडलेलं मागून नेलं तर चालतं का?

घ्यावा. नाही म्हणायचं ते एकदाच, रीत म्हणून. ‘एवढं कायले जी?’ म्हणायचं, तिकडून ‘न्या न, लेकराईले होते’ आलं की डबा पिशवीत. दुसऱ्यांदा नाही म्हटलंत तर डबा देणाऱ्या बाईला वाटतं, भाजीत काही बिघडलं की काय.

मागायचं मात्र नाही, निदान शेवटची पंगत उठेपर्यंत. आधी पाहुणे, मग गावकरी, आणि वाढणारी पोरं अन् चुलीपाशी राबलेल्या बाया सगळ्यांत शेवटी. मधल्या पंगतीला गंजात अर्धी भाजी दिसते ती उरलेली नसते, या बायांच्या वाटची असते. घरी कोणी म्हातारं, आजारी असेल तर तेवढं सांगावं. बहुतेकदा सांगावं लागतच नाही. चूलबंद आवतन, म्हणजे घरची चूल न पेटवता सगळ्या घरानं जेवायला यायचं बोलावणं, असलं की घरात कोण मागं राहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ताटातलं बांधून मागू नका. ते उष्टं. शेगावात १८७८ साली गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना, ही कथा इकडे घरोघरी सांगतात. पण ती महाराजांची गोष्ट, आपण ताटात बेतानंच घ्यावं.

काय न्यावं? रोडगे, म्हणजे कणकेचे जाड भाजलेले गोळे, असतील तर खुशाल न्या. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा दुसऱ्या दिवशी कुस्करून त्यावर तूप-गूळ घातला की आदल्या दिवशीपेक्षा मला तरी जास्त आवडतो. वांग्याची भाजी थंडीत ठीक. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना एसटीत ती घरापर्यंत टिकत नाही, वरण तर त्याआधीच आंबतं. त्यापेक्षा तिथंच पुन्हा वाढून घ्या, वाढणाऱ्यालाही बरं वाटतं.

आणि डबा रिकामा परत करू नका. लोणच्याची फोड, मूठभर तुरीची डाळ, काही नसेल तर चिमूटभर साखर. डब्याच्या बुडाशी नाव कोरलेलं असतं, बहुधा घरातल्या म्हाताऱ्याचं, त्यामुळे कुणाचा म्हणून शोधावं लागत नाही. हल्ली आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून देतात, परत मागत नाहीत. मी तोही धुऊन पाठवते, डाळ घालून.