पाच अँपिअरचं बैरूत

विमानतळावरून शहरात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच फलक पुन्हा पुन्हा दिसत होता. वर लेबननचा झेंडा, खाली अरबीत एक ओळ. "लेबननचा नवा काळ, असं लिहिलंय," ड्रायव्हरनं सांगितलं. एप्रिलपर्यंत याच रस्त्यावर हिजबुल्लाचे, म्हणजे इस्रायलशी लढणाऱ्या इथल्या सशस्त्र संघटनेचे फलक होते, ते उतरवून हे लावलेत. मग त्यानं नुसत्या हनुवटीनं फलकामागची वस्ती दाखवली. ते दाहिये, शहराचं दक्षिण उपनगर. ओळीनं पाच इमारती, सहावीच्या जागी सळया बाहेर आलेला ढिगारा, पुन्हा चार इमारती. त्यातल्या एका गच्चीत चादरी वाळत घातल्या होत्या.

आम्ही फिरायला आलो नव्हतो. नवरा पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, त्याला इथल्या एका मदतसंस्थेत दोन वर्षांची नोकरी चालून आली होती. संस्थेनं म्हटलं, आधी येऊन बघा, मग हो म्हणा. म्हणून सात वर्षांच्या लेकीला पुण्यात सासूबाईंकडे ठेवून ४ मे २०२५ ला आम्ही दहा दिवसांसाठी आलो, स्थळ बघायला जावं तसे. पत्रिका अर्थात आधीच बघून झाली होती आणि ती काही बरी नव्हती. १९७५ ते १९९० यादवी युद्ध. २००६ साली इस्रायलशी ३४ दिवसांचं युद्ध. २०१९ मध्ये बँका बसल्या. ४ ऑगस्ट २०२० ला बंदरात साठवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा युद्ध पेटलं, २७ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. ती झाली असं म्हणायचं. दक्षिणेत त्यानंतरही हल्ले चालूच होते आणि आम्ही पोचायच्या आठवडाभर आधी, २७ एप्रिलला, दाहियेतही एक इमारत पाडली होती.

सासूबाईंचा प्रश्न सरळ होता, "तिथं बॉम्ब पडतात ना?" नवऱ्याचं उत्तर होतं, "सगळीकडे नाही, आई." हे उत्तर किती कुचकामी आहे हे त्यालाही कळत होतं.

हमरा भागात घरं बघायला सुरुवात केली. पहिल्याच घरात मी विचारलं, शाळा किती लांब, रात्री रस्ता कसा असतो, हल्ल्याचा त्रास इथवर येतो का. घरमालकीण, फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या साठीतल्या बाई, शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "हे सगळं नंतर. आधी सांगा, तुम्हाला किती अँपिअर लागतात?"

इथं सरकारी वीज दिवसातले थोडे तास येते. आमच्या दहा दिवसांत कधी चार, कधी सहा. बाकी वेळ गल्लीतल्या जनरेटरवाल्याचा. त्याच्याकडे वर्गणी लावायची, तिला 'इश्तिराक' म्हणतात. पाच अँपिअर किंवा दहा, ऐपतीप्रमाणे. पाच अँपिअरमध्ये फ्रिज, दिवे, पंखा आणि वायफाय चालतं. त्यात इस्त्री लावली की खटका पडतो, आणि तो वर घरात नसतो, खाली जिन्याजवळच्या पेटीत असतो. चौथ्या मजल्यावरून अंधारात उतरायचं, कारण लिफ्टही तेव्हा बंदच असते. बाईंनी मला हे सगळं एका दमात सांगितलं आणि वर विचारलं, "जमेल का?"

मला हसूच आलं. मी लातूरची. दहावीचा अभ्यास भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून केलेला. कूलर लावला तर मिक्सर लावायचा नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पाण्याचंही तेच. बैरूतमध्ये नळाला काही दिवसांआड पाणी, बाकी टँकर, प्यायला वेगळे जार, गच्चीवर टाक्यांची रांग. यंदा तर पाऊस आणि डोंगरावरचा बर्फ दोन्ही फार कमी पडलेले, त्यामुळे मे महिन्यातच लोक पाण्यावर बोलायला लागले होते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी मी भरलेलं आहे. ते ऐकून बाई म्हणाल्या, "रेल्वेनं? आमच्याकडे तर रेल्वेच नाही." त्यांना आमचा हेवा वाटला, हे मी लातूरला फोन करून सांगितलं.

पैशाचं मात्र काही केल्या अंगवळणी पडेना. १९९७ पासून जवळजवळ बावीस वर्षं एका डॉलरला साधारण १,५०७ लिरा असा बांधलेला भाव होता. आता ८९,५०० झालाय. आम्ही गेलो तेव्हा सगळ्यात मोठी नोट एक लाखाची होती, म्हणजे सव्वा डॉलरसुद्धा नाही. दुकानात किंमत डॉलरमध्ये, सुटे लिरात, आणि भाजीवालासुद्धा हे मनातल्या मनात असं करतो की आपण बघत राहावं. घरभाडं रोख डॉलरात, तीन महिन्यांचं आगाऊ. बँकेतून नको, असं बाईंनी दोनदा बजावलं. नोकरीतली त्यांची सगळी शिल्लक बँकेत आहे. कागदावर डॉलर आहेत, पण महिन्याला ठरावीक रकमेच्या वर हात लावता येत नाही. बाहेरून आलेल्या खऱ्या नोटांना म्हणून इथं 'फ्रेश' म्हणतात, ताज्या मासळीला म्हणावं तसं. २०२२ मध्ये एका तरुणीनं बहिणीच्या कॅन्सरच्या उपचारासाठी बँकेत शिरून स्वतःच्याच कुटुंबाचे पैसे काढून नेले. हातात होतं ते खेळण्यातलं पिस्तूल. ही गोष्ट मला दहा दिवसांत चौघांनी सांगितली. प्रत्येकाचा सूर असा, की आपल्याला हे आधी सुचायला हवं होतं.

खायची ददात नव्हती. झातर नावाचा मसाला लावलेली गरम मनाकीश, म्हणजे इथली भाजलेली रोटी, सकाळी फूल, म्हणजे आपल्या वालाच्या चुलतभावाची उसळ. आणि मुजद्दरा: मसूर, तांदूळ, वर काळसर तळलेला कांदा. इथले ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत करतात. पहिल्या घासाला मी म्हटलं, ही खिचडी. वाढणारा मुलगा दुखावला.

आणि वर सतत एक घरघर. मला वाटलं कुठंतरी गवत कापताहेत. ते इस्रायलचं ड्रोन होतं. जुन्या ड्रोनच्या एमके या अक्षरांवरून लोकांनी त्याचं नाव ठेवलंय 'उम्म कामेल', म्हणजे कामेलची आई. चहा पिताना कुणीतरी म्हणतं, आज कामेलची आई लवकर आली. कान दुसऱ्या दिवशी सरावतात. सरावतात याचंच मला वाईट वाटलं, आणि लेकीचेही सरावतील हा विचार घर बघताना डोक्यातून गेला नाही.

मग ७ मेची सकाळ. फोन उघडला तर ऑपरेशन सिंदूर. पुण्यातून सासूबाईंचा फोन, त्यांच्याकडे त्याच दिवशी युद्धाची रंगीत तालीम होती, भोंगे वाजणार होते. "तुम्ही येऊ नका आत्ता," त्या म्हणाल्या, "तिथंच थांबा, तिथं तरी शांत आहे ना?" नवरा फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिला. वर कामेलची आई फिरत होती.

दुपारी घरमालकीण बाईंचा निरोप आला, भेटा. गेलो. त्यांनी कॉफी दिली, आणि बराच वेळ कपाशी चाळा करून म्हणाल्या, "माफ करा, पण विचारायला हवं. तुमच्या देशात युद्ध सुरू झालंय. तुमचे पैसे कुठल्या बँकेत आहेत?" मी सांगू लागले की पुणे सीमेपासून लांब आहे, सगळीकडे काही होत नाही. बोलता बोलता लक्षात आलं, हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्या मान डोलावत होत्या, सासूबाई डोलावतात तशीच. विश्वास बसलेला नव्हता. १० तारखेला शस्त्रसंधी झाल्यावर त्यांनीच फोनवर 'मबरूक' म्हणून अभिनंदन केलं आणि सावध केलं, पहिले काही दिवस जपून राहा.

११ तारखेला, रविवारी, दौऱ्याला गेलो. दौरा हे जागेचं नाव आहे. बुर्ज हम्मूदजवळ, आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कामगारांच्या दुकानांचा भाग. तूरडाळ मिळाली, हिंग नाही. वाटेत नगरपालिकेच्या निवडणुकीचे फलक. २०१६ नंतर पहिल्यांदाच होत होत्या. हसणार होते, पण पुणे महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर झालेली नव्हती.

दुकानात एक बांगलादेशी बाई हिंदीतून बोलायला लागल्या. घरकाम करतात, अकरा वर्षं झाली. आम्ही राहायला यायचं की नाही ते बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "पासपोर्ट किसके पास रहेगा?" मला प्रश्न कळलाच नाही. इथं घरकामगार 'कफाला' पद्धतीनं येतात. मालकाच्या नावावर परवाना, आणि पासपोर्टही बहुधा त्याच्याच कपाटात. २०२४ च्या सप्टेंबरात बॉम्ब पडायला लागल्यावर कितीतरी मालक गाडीत बसून उत्तरेला गेले आणि घरातल्या बाईला मागं ठेवून गेले. काहींनी दाराला कुलूप लावून. या बाई तेव्हा चार रात्री समुद्राकाठी फुटपाथवर झोपल्या होत्या. "आपके पास है तो आ जाओ," त्या म्हणाल्या आणि डाळीचे पैसे चुकते करून गेल्या.

त्या रात्री आम्ही घरं, शाळा, अँपिअर सगळं बाजूला ठेवलं आणि दारं मोजली. लेबननला जमिनीवरून दोनच शेजारी. इस्रायलची हद्द बंद. सीरियाकडचा मुख्य रस्ता मस्ना नाक्यावरून जातो, तो ४ ऑक्टोबर २०२४ ला हल्ल्यात फुटला आणि लोक बोचकी डोक्यावर घेऊन खड्ड्यातून पलीकडे गेले. विमानतळ एकच, तोही दाहियेला खेटून. २००६ साली तो दुसऱ्याच दिवशी बंद पडला, तेव्हा 'आयएनएस मुंबई' आणि बरोबरच्या नौदलाच्या जहाजांनी २,२०० हून अधिक माणसांना सायप्रसला पोचवलं. त्यांत श्रीलंकेचे, नेपाळचेही होते. २०२४ मध्ये मात्र विमानतळ चालू राहिला. धुराच्या लोटांशेजारून मिडल ईस्ट एअरलाइन्सची विमानं उडत होती. म्हणजे दार कधी उघडं असेल, कधी नसेल, आणि ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच, की दारापर्यंत जायची मुभा असलेल्यांत आपण आहोत.

नवऱ्यानं संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारल्या. विम्यात युद्ध धरलंय का, तिकीट कधीही वापरता येईल का, कुटुंबाला बाहेर काढायची जबाबदारी कोणाची. तिन्हीला उत्तर चांगलं आलं. त्यानं सहज चौथा प्रश्न विचारला, हे इथल्या स्थानिक सहकाऱ्यांनाही आहे का. त्याला उत्तर फोनवर आलं, आणि ते 'नाही' होतं.

शेवटी त्यानं सहा महिन्यांचं, एकट्याचं काम मागून घेतलं, सप्टेंबरपासून, संस्थेच्या अतिथिगृहात. मी आणि लेक पुण्यात. सासूबाईंना यातलं निम्मंच पटलंय. मलाही, पण दुसरं निम्मं. सात वर्षांच्या पोरीला कामेलची आई सवयीची करून द्यायची नव्हती. आणि त्या बांगलादेशी बाईंसमोर मी जे मिरवणार होते, माझ्या पर्समधला पासपोर्ट, तेवढ्यावर घर मांडावं असंही वाटेना.

५ जूनला, बकरी ईदच्या आदल्या रात्री, दाहियेवर पुन्हा हल्ले झाले. मी घरमालकीण बाईंना लिहिलं, ठीक आहात ना? तासाभरानं उत्तर आलं. खटका पडला होता, खाली जाऊन लावून आले. फ्लॅट अजून रिकामा आहे, दहा अँपिअर करून देईन.