मोहोळ उठल्यावर आधी अ‍ॅड्रेनॅलिन, मग एव्हिल

आग्या मोहोळ उठलं, डंख झाले, की सातारा भागात माणसाला उचलून जवळच्या दवाखान्यात नेतात. तिथे पहिलं इंजेक्शन अजूनही पुष्कळदा एव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं, हिस्टामिन अडवणारं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं असतं. डंखाने तीव्र अ‍ॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस झाली असेल तर हा क्रम जिवावर बेतू शकतो.

त्वचा, श्वासनलिका, आतडी इथे रक्तवाहिन्यांलगत मास्ट पेशी, म्हणजे अ‍ॅलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी, ठाण मांडून असतात. पूर्वीच्या डंखानंतर ज्याच्या शरीरात आयजीई प्रतिपिंडं तयार झाली, त्याच्या मास्ट पेशींवर ती चिकटून बसलेली असतात. पुन्हा डंख झाला की विषातलं प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकत्र बांधतं आणि काही मिनिटांत पेशीतले तयार कण बाहेर पडतात. त्यांत हिस्टामिन, ट्रिप्टेझ, हेपॅरिन ही रसायनं असतात. पाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन नव्याने बनतात. रक्तवाहिन्या सैलावून पाझरतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते.

एव्हिल यातल्या एकट्या हिस्टामिनचा एक रिसेप्टर अडवतं. अंगावरच्या गांधी आणि खाज कमी होते, म्हणून बरं वाटल्यासारखं दिसतं. दाब आणि श्वास सुधारत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास जातात. अ‍ॅड्रेनॅलिन मात्र रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींतून होणारा स्रावही रोखतं.

मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन 1 मिलिग्रॅम प्रति मिली अँप्युलमधून 0.5 मिली, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मुलांना किलोमागे 0.01 मिली, जास्तीत जास्त 0.3. फरक पडला नाही तर 5 मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत. धाप असेल तर बसवावं. एकदम उभं मात्र करू नये, हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडून माणूस तिथेच जाऊ शकतो. काटा नखाने लगेच काढावा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण तुटलेली विषाची पिशवी काही सेकंद आत विष ढकलत राहते. बीटा-ब्लॉकरच्या (रक्तदाब-हृदयविकारावरच्या) गोळ्या चालू असल्यास अ‍ॅड्रेनॅलिन कमी लागू पडतं; तेव्हा ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन लागू शकतं.

बांधावरच्या गाजरगवताने उठणारं, दिवस-दोन दिवसांनी चिघळणारं पुरळ हीसुद्धा अ‍ॅलर्जीच, पण ती मुख्यतः टी-पेशींचं (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) काम आहे. तिथे हा सगळा हिशोब लागू नाही.

शक्य असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून 1-2 तासांत ट्रिप्टेझसाठी रक्त घ्यावं आणि पूर्ण बरं झाल्यावर, किमान 24 तासांनी, दुसरा नमुना. दुसऱ्या आकड्याच्या 1.2 पटीत 2 नॅनोग्रॅम प्रति मिली मिळवून जे येईल, पहिला आकडा तेवढा किंवा त्याहून जास्त असेल, तर मास्ट पेशींतले कण बाहेर पडल्याचा पुरावा मिळतो. दुसरा आकडाच 20 च्या वर निघाला तर मॅस्टोसायटोसिसचा (शरीरात मास्ट पेशी जास्त वाढण्याच्या आजाराचा) तपास करायला रुग्णाला पुढे पाठवावं.