स्लॅबखालचा ओढा

मुलगी नेदरलँडला, उट्रेख्तमध्ये असते. गेल्या सप्टेंबरात महिनाभर तिच्याकडे होतो. रोज सकाळी काथरायनेसिंगल कालव्याच्या काठानं फिरायचो. संथ पाणी, होड्या, बदकं. मला वाटलं, हे पूर्वापार असंच असणार.

"नाही बाबा, आमच्या ऑफिसातल्या बाई इथून मोटारीनं जायच्या," मुलगी म्हणाली.

1122 मध्ये त्या शहराला सनद मिळाली आणि भोवती खंदक खणला गेला. (आमचा बेळगावचा किल्ला 1204 चा. म्हणजे त्यांचा खंदक ऐंशी वर्षांनी थोरला.) पुढं मोटारी वाढल्या, तेव्हा 1970 च्या सुमाराला पश्चिमेकडचा तुकडा कोरडा करून तिथं हमरस्ता केला. 2002 मध्ये लोकांचं मत घेतलं, तर लोकांनी पाणी परत मागितलं. ते यायला 12 सप्टेंबर 2020 उजाडलं. आता होडी चक्क मॉलच्या खालून जाते.

मला मात्र आमचा अर्ज आठवत राहिला.

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरामागून ओढा वाहायचा. आई त्यात गोधड्या धुवायची, आम्ही पोरं खेकडे धरायचो. मग त्याचं गटार झालं. डास, घाण वास. झाकून वर रस्ता करा म्हणून गल्लीनं अर्ज दिला. मराठीतला घेतील न घेतील म्हणून कन्नडात लिहून घेतला. एरवी सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणारा मी, पण त्या अर्जावर पहिली सही माझी. स्लॅब पडला, स्कूटर थेट मागच्या दारापर्यंत यायला लागली. त्या दिवशी मी गल्लीत कुंदा वाटला होता.

ऑगस्ट 2019 च्या पावसात तेच पाणी स्लॅबच्या सांध्यांतून उसळलं. मधल्या खोलीत गुडघाभर. बासमतीची दोन पोती भिजली. तिकडं बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवारात भात कुजत होतं, त्यापुढं आमचं नुकसान किरकोळच म्हणायचं. शेजारचे अण्णा पायजमा वर खोचून दारात उभे. म्हणाले, "मास्तर, ओढ्यानंबी अर्ज दिलता की काय?"

तेव्हा राग आला होता. उट्रेख्तच्या काठावर मात्र एकटाच हसत सुटलो.

परवा पहिला वळीव झाला. रात्री छत्री घेऊन मागं गेलो, वाकून सांध्याला कान लावला. खाली खळखळ चालली होती.

"शेजारी बघायलेत," सौ. दारातून म्हणाली. "आत या."